गच्चीवरचा तीन किलोवॉटचा सौरसंच: अठरा महिन्यांच्या अनुभवानंतर

ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर सौरसंच बसला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले आहे. ५४० वॅटची सहा पॅनेल, म्हणजे एकूण ३.२४ किलोवॉट, एक इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, वायरिंग, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर असा हा संच आहे. एकूण खर्च १ लाख ९५ हजार रुपये झाला आणि प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ठरलेले ७८ हजार रुपयांचे अनुदान नंतर खात्यात जमा झाले. निकाल आधीच सांगून टाकते. वस्तू म्हणून हा संच अतिशय चांगला आहे, पण ज्या फर्मने तो बसवला तिची सेवा इतकी वाईट होती की तिचे नाव मी आजवर एकाही शेजाऱ्याला सुचवू शकलेले नाही. हा अभिप्राय लांबण्याचे कारण असे की, या दोन गोष्टींपैकी दुसरीचे परिणाम आमच्या एका घरापुरते राहिले नाहीत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. हवामानाच्या प्रकरणात ‘टिपिंग पॉइंट’ ही संकल्पना येते तेव्हा वर्गात मी ‘कडेलोट’ हा आपला शब्द वापरते, कारण रायगडावरचे टकमक टोक पाहिलेल्या मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. उदाहरण बहुतेक वेळा ग्रीनलंडचे देते. तिथल्या बर्फाच्या थराची जाडी घटली की त्याचा पृष्ठभाग खाली येतो. खालच्या उंचीवरची हवा अधिक उबदार असल्यामुळे वितळण्याचा वेग वाढतो आणि पृष्ठभाग आणखी खाली उतरतो. एका मर्यादेपलीकडे हे चक्र चालू राहण्यासाठी आणखी तापमानवाढीची गरजच उरत नाही. तो सगळा बर्फ वितळायला शेकडो, कदाचित हजारो वर्षे लागतील, पण समुद्राची पातळी त्यामुळे सुमारे सात मीटरने वाढेल, आणि ते थांबवता येईल की नाही हे मात्र या शतकातच ठरेल. टिमोथी लेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा घटकांची पहिली नेमकी यादी मांडली. २०२२ मध्ये त्या यादीचा पुन्हा आढावा घेतला गेला तेव्हा तिच्यात सोळा घटक होते आणि त्यांतले काही दीड अंश तापमानवाढीलाच ओलांडले जाण्याची शक्यता दिसत होती. ऑक्टोबर २०२५ मधल्या जागतिक अहवालात तर उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तींचा कडेलोट सुरू झाला आहे, असे शास्त्रज्ञांनी लिहिले. २०२३ पासूनच्या विरंजनाच्या, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याच्या, लाटेत जगातल्या प्रवाळक्षेत्रापैकी सुमारे ८४ टक्के भागाला उष्णतेचा ताण सोसावा लागला, त्यात आपले लक्षद्वीपही होते.

याच अभ्यासकांपैकी अनेक जण आता समाजातल्या टिपिंग पॉइंटविषयीही लिहितात. एखादी नवी पद्धत थोड्या लोकांपुरती असते, मग ती स्वस्त होते, ओळखीची होते, शेजाऱ्याकडे दिसू लागते, आणि एका टप्प्यानंतर ती पसरवण्यासाठी कोणाला जोर लावावा लागत नाही. यासाठी मात्र मी ‘कडेलोट’ म्हणत नाही. ‘पारडे झुकणे’ म्हणते. हा फरक मी का करते त्याकडे पुढे येईन.

पॅनेल बसवण्याआधी घरात पहिला प्रश्न निघाला तो वाळवणाचा. “मग कुरडया-पापड कुठं घालायचे?” असे सासूबाईंनी विचारले आणि तो प्रश्न अगदी रास्त होता, कारण आमची गच्ची वर्षातले दोन महिने त्यांची असते. फर्मच्या माणसाने गच्चीच्या मागच्या मोकळ्या भागात, कमी उंचीच्या सांगाड्यावर पॅनेल लावायचे ठरवले होते. तसे केले तर लोखंड कमी लागते आणि त्याचा खर्च वाचतो. आम्ही तो मागचा अर्धा भाग वाळवणासाठी राखला आणि पॅनेल पुढे, रस्त्याच्या बाजूला, साधारण आठ फूट उंचीच्या सांगाड्यावर घ्यायला लावली. आमचा रस्ता दक्षिणेला आहे, त्यामुळे पॅनेलची तोंडेही योग्य दिशेला आली. सांगाड्याचे बारा हजार रुपये जास्त गेले, पण खाली चालता येते, झाडलोट करता येते आणि कुरडयांवर सावली पडत नाही. या निर्णयाचा एक परिणाम आमच्या ध्यानीमनीही नव्हता: गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आता आमची पॅनेल कोपऱ्यावरूनच दिसतात.

दुसरा मुद्दा इन्व्हर्टरच्या जागेचा होता. तो मीटरपेटीशेजारी तळमजल्यावर लावला तर केबल वाचते, म्हणून फर्मने भिंतीवर तिथेच खुणा करून ठेवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते आणि त्याची रेघ त्या भिंतीवर रंगाखालून अजून दिसते. खुणा त्या रेघेच्या हातभर खाली होत्या. माझ्या पतींनी त्या माणसाला ती रेघ दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, तसला पूर काय दरवर्षी येतोय व्हय?” दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते, हे त्याला ठाऊक नव्हते किंवा आठवत नव्हते. इन्व्हर्टर आम्ही पहिल्या मजल्याच्या जिन्यातल्या चौकात लावला. नदीकाठच्या कोणत्याही गावात हा संच घेणाऱ्यांनी या एका बाबतीत फर्मचे ऐकू नये. पंचवीस वर्षे टिकण्याच्या हमीने विकली जाणारी वस्तू आपण गेल्या शंभर वर्षांतल्या पुराचा नव्हे, तर येत्या पंचवीस वर्षांतल्या पुराचा विचार करून बसवायची असते.

आता वीजनिर्मितीविषयी. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या पूर्ण वर्षात संचाने सुमारे ४,२०० युनिट वीज दिली. महिन्यागणिक फरक मोठा आहे आणि तो विकणारे सांगत नाहीत: मार्चमध्ये ४३०, मेमध्ये ३९० आणि जुलैमध्ये जेमतेम २१० युनिट. मे महिन्यात ऊन जास्त असूनही निर्मिती मार्चपेक्षा कमी का, असे मला अनेकांनी विचारले आहे. सिलिकॉनच्या पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते, आणि मेच्या दुपारी काचेचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. उन्हाळा जसजसा तापेल तसतसा हा तोटा किंचित वाढत जाईल, हेही गृहीत धरायला हवे.

पावसाळ्यातल्या तुटीची भरपाई नेट मीटरमुळे होते. दिवसा जास्त झालेली वीज बाहेर जाते, तिची नोंद होते आणि रात्री किंवा ढगाळ महिन्यांत तेवढी वीज परत वापरता येते. ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब बंद होतो आणि उरलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात. तो दर आपण मोजत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात फायदा नाही. आधी आमचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या आसपास आणि बिल तीन हजारांच्या वर असे. शंभर युनिटनंतरचा टप्पा एकदम महाग होतो, त्यामुळे वाचणाऱ्या युनिटपैकी बहुतेक याच महागड्या टप्प्यातले असतात. आता स्थिर आकार आणि किरकोळ शुल्क मिळून दीड-दोनशे रुपये येतात. ‘शून्य बिल’ असे जे सांगितले जाते ते काटेकोरपणे खरे नाही. तरीही अनुदान वजा जाता गुंतवलेले पैसे साधारण साडेतीन ते चार वर्षांत वसूल होतील, असा माझा हिशेब आहे.

वीज गेली की हा संचही बंद पडतो, हे विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना माहीत नसते. भर दुपारी, लख्ख उन्हात पंखा थांबतो तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण त्यामागे पक्के कारण आहे. बाहेरची लाइन बंद असताना आपल्या गच्चीवरची वीज तारांत उतरली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून लाइन गेल्याचे कळताच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा, पण त्याचा खर्च बराच वाढतो.

स्वच्छतेची बाब आमच्या भागात वेगळी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे पाचट पेटवल्याची काळी राख उडत येऊन गच्चीवर पडते, आणि पहाटेच्या दवात ती काचेला चिकटते. डिसेंबरमध्ये तीन आठवडे आम्ही दुर्लक्ष केले, तेव्हा मोबाइलवरच्या ॲपमध्ये निर्मिती दिवसाला दीड-दोन युनिटने उतरलेली दिसली. बोअरच्या पाण्याने धुतले तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, म्हणून आम्ही नळाचे पाणी आणि लांब दांड्याचा मऊ पोछा वापरतो. ते काम सूर्योदयाच्या आसपास करतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे धोक्याचे असते.

एवढ्यावर हा अभिप्राय संपवता आला असता, पण संच बसल्यापासून तो सुरू होईपर्यंत पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचे वीजबिल सासऱ्यांच्या नावावर होते, आणि ते जाऊन सहा वर्षे झाली आहेत. अर्ज, बँक खाते आणि वीजजोडणी या तिन्ही ठिकाणी नाव एकच असावे लागते, हे फर्मला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, कारण त्यांचा हा रोजचा धंदा आहे. मी बिल दाखवले तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, नावाचं काय, नंतर बघू की. तुम्ही टेन्शन घेऊ नका.” मग नव्वद टक्के रक्कम घेतली गेली, दोन दिवसांत सांगाडा उभा राहिला, पॅनेल चढली, फोटो काढले गेले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. नाव बदलण्याचा अर्ज शेवटी आम्हीच केला. वारसाची कागदपत्रे, मालमत्ता कराची पावती, मग नव्याने योजनेचा अर्ज, त्यात मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने जोडणीला ठरवून दिलेल्या कमाल वापराचा, आकडा फर्मने चुकीचा भरलेला, त्याची दुरुस्ती, अशा क्रमाने मार्च उजाडला. नेट मीटर लागल्याशिवाय संच सुरू करायचा नसतो. साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी काही मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात, त्यामुळे बिल उलट वाढू शकते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे निरभ्र आकाशाचे आणि गार हवेचे महिने, सहा पॅनेल आमच्या गच्चीवर नुसती उन्हात उभी होती.

पैशांत मोजले तर आमचे पंधरा हजारांच्या आसपास नुकसान झाले असेल. मोठे नुकसान वेगळेच होते. आमच्या गल्लीत बावीस घरे आहेत. २०२४ च्या दिवाळीत त्यांतल्या तीन घरांतली माणसे फराळाच्या निमित्ताने येऊन गच्ची बघून गेली होती, आणि तिघांनीही संक्रांतीनंतर संच बसवायचे ठरवले होते. संक्रांतीला समोरच्या वहिनी तिळगूळ द्यायला आल्या आणि त्यांनी विचारले, “सुरू झाला का हो?” मला ‘नाही’ म्हणावे लागले. महिन्याभराने पुन्हा ‘नाही’ म्हणावे लागले. तिन्ही घरांनी बेत पुढे ढकलला, आणि त्यांतल्या एका काकांनी त्याच पैशांतून घरासाठी मोठी बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर घेतला. रस्त्याच्या बाजूला आठ फुटांवर उभी असलेली आमची पॅनेल ते पाच महिने गल्लीला एकच गोष्ट सांगत होती: हे काम होत नाही.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत असले, तरी यामागे एक नीट अभ्यासलेली गोष्ट आहे. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या घरांची माहिती तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले की, एका पिनकोडच्या हद्दीत बसलेला प्रत्येक नवा संच त्याच हद्दीत पुढचा संच बसण्याची शक्यता मोजण्याइतकी वाढवतो, सुमारे पाऊण टक्काबिंदूने. नंतरच्या अभ्यासांतही असेच दिसले, आणि जवळचे घर लांबच्या घरापेक्षा जास्त परिणाम करते असेही आढळले. जे शेजारी बघून पसरते ते शेजारी बघून अडतेही, असे मला आमच्या गल्लीकडे पाहून वाटते.

आमच्या संचाने एका वर्षात जी वीज दिली तिच्यामुळे हवेत जाणारा जवळजवळ तीन टन कार्बन डायऑक्साइड टळला, असे ढोबळमानाने म्हणता येते; देशातल्या विजेच्या सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू बाहेर पडतो, त्यावरून हा आकडा येतो. जग दरवर्षी केवळ इंधनातून आणि उद्योगांतून ३७ अब्ज टनांहून अधिक सोडते. ग्रीनलंडच्या बर्फाला आमच्या तीन टनांनी काडीचाही फरक पडणार नाही, हे भूगोलाच्या शिक्षिकेला वेगळे सांगावे लागत नाही. हा संच घेण्यात हवामानाच्या दृष्टीने काही अर्थ असेल तर तो या तीन टनांत नाही. तो आमच्यामुळे पुढच्या घराचा निर्णय सोपा होतो की अवघड, यात आहे. म्हणून नेट मीटरचा कागद वेळेवर पुढे सरकवणे ही या धंद्यात पॅनेलच्या दर्जाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे असे मी मानते, आणि त्या फर्मला याची जाणीवच नव्हती याचा मला अजून राग आहे.

कारण बाकीची सगळी तयारी जगाने सत्तर वर्षे करून ठेवली आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट तयार झाला, तो पडणाऱ्या उन्हापैकी सहा टक्क्यांची वीज करत असे; आमच्या गच्चीवरची पॅनेल एकवीस टक्क्यांच्या आसपास करतात. तो घट एवढा महाग होता की सुरुवातीला उपग्रहांखेरीज कोणाला परवडत नव्हता. पुढे २००० मध्ये जर्मनीने सौरविजेला चढा आणि निश्चित दर देणारा कायदा केला, त्यातून मागणी निर्माण झाली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले आणि किमती उतरू लागल्या. जगातले एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण वीस टक्क्यांनी खाली येते, हा नियम कित्येक दशके टिकून आहे. २०१० नंतरच्या एका दशकात किंमत जवळपास नव्वद टक्क्यांनी घसरली. जगाची सौरक्षमता एक टेरावॉटवर, म्हणजे एक अब्ज किलोवॉटवर, पोहोचायला २०२२ उजाडले, आणि दुसरा टेरावॉट त्यानंतर दोनच वर्षांत आला. जर्मन ग्राहकांनी पंधरा-वीस वर्षे जास्त वीजबिल भरले म्हणून सांगलीतल्या शिक्षिकेला हा संच परवडला, हे मी वर्गात आवर्जून सांगते. आपल्याकडे सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि मार्च २०२५ पर्यंत देशात दहा लाख घरांवर संच बसले. आमचे नेट मीटर लागले ते याच महिन्यात.

एप्रिल २०२५ चे पहिले बिल आले तेव्हा मी ते घेऊन समोर गेले. वहिनींनी ते दोनदा वाचले, मागे उलटून पाहिले आणि मग आधीची बिलेही मागवून घेतली. त्यांनी संच घेतला, पण वेगळ्या फर्मकडून. आधी वीजजोडणीचे नाव बदलून घेतले, आणि पंचवीस टक्के रक्कम नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवली. त्यांचे मीटर चार आठवड्यांच्या आत लागले. दिवाळीपर्यंत गल्लीत चार घरे झाली आणि आज सात आहेत. बॅटरी घेतलेले काका त्यांतले सातवे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेमन सेंटोला यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात एखाद्या गटातली पंचवीस टक्के माणसे नव्या रीतीला चिकटून राहिली तर उरलेला गट एकाएकी त्यांच्या बाजूला वळतो, असे दिसले. सात म्हणजे बावीसचा जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणून आमच्या गल्लीला तो नियम लावण्याचा मोह होतो. पण तो प्रयोग एका चित्रातल्या चेहऱ्याला काय नाव द्यायचे यावर एकमत होण्याचा होता. त्यात कोणाला लाख-दोन लाख रुपये काढायचे नव्हते, म्हणून मी तो आकडा इथे लावत नाही. एवढे मात्र मी स्वतः पाहिले आहे की, पहिल्या घराला गल्लीत सगळ्यांना समजावून सांगावे लागले आणि सातव्या घराने कोणाला काही विचारले नाही.

आमच्या स्वयंपाकघरातही एक बदल झाला, जो आम्ही ठरवलेला नव्हता. दुपारची वीज आपलीच आहे म्हटल्यावर इंडक्शनची शेगडी आली आणि भात, आमटी, दूध तिच्यावर होऊ लागले. भाकरीला मात्र अजून गॅसच लागतो. सिलिंडर आता पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट दिवस जातो. मुलाची पुढची दुचाकी विजेवरची असेल, हेही घरात न बोलता ठरल्यासारखे आहे. हवामानाच्या अभ्यासात अशा साखळ्यांची भीती असते: ग्रीनलंडचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये मिसळले की तिथला सागरी प्रवाह मंदावतो, आणि त्या प्रवाहाच्या मंदावण्याने दूरवरचे पर्जन्यमान बदलू शकते. घरातली साखळी त्याच घडणीची आहे, एक गोष्ट दुसरीला ढकलते, फक्त तिची दिशा आपल्याला हवी ती आहे.

आता ‘कडेलोट’ आणि ‘पारडे’ या शब्दांतल्या फरकाविषयी. कड्यावरून सुटलेला दगड परत वर येत नाही. उद्या तापमान पुन्हा अर्ध्या अंशाने उतरवले म्हणून विरघळलेली बर्फभूमी किंवा मेलेली प्रवाळभिंत जशीच्या तशी परत मिळत नाही. पारडे मात्र वजन काढून घेतले की पुन्हा वर जाते. कॅलिफोर्नियातच हे घडले: एप्रिल २०२३ पासून तिथे बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी कापण्यात आला आणि घरांवरचे नवे संच बसणे झपाट्याने घसरले. आमचा साडेतीन-चार वर्षांचा हिशेबही नेट मीटरच्या आजच्या नियमांवर उभा आहे. हा संच घेणाऱ्याने पॅनेलच्या हमीपत्राइतकेच या नियमांकडे लक्ष ठेवावे, कारण हमीपत्र फर्म बदलू शकत नाही, नियम मात्र बदलू शकतात.

पाकिस्तानचे उदाहरणही विचार करायला लावणारे आहे. महागड्या आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळलेल्या तिथल्या लोकांनी २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॉट क्षमतेची पॅनेल आयात केली, तीही एखाद्या मोठ्या सरकारी योजनेशिवाय. पारडे झुकते म्हणजे काय याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पण ज्यांच्याकडे गच्ची आणि पैसा होता ते वीजयंत्रणेतून बाहेर पडले, आणि तिचा कायमचा खर्च उरलेल्यांच्या बिलात वाढू लागला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना वाडा आहे. त्यात तीन भाडेकरू राहतात, छप्पर कौलारू आहे आणि मालक पुण्यात असतात. या अभिप्रायात लिहिलेले काहीही त्या तीन बिऱ्हाडांच्या कामाचे नाही, आणि ही या वस्तूची आजची खरी मर्यादा आहे, पॅनेलच्या तंत्रातली नव्हे.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बारा सदनिकांच्या इमारतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान मिळते, आणि त्यांचा पाण्याचा पंप, लिफ्ट व जिन्यातले दिवे एकाच सामायिक मीटरवर आहेत. तिथल्या अध्यक्षांनी येत्या रविवारच्या सभेला मला बोलावले आहे. मी वर्षाची बाराही बिले, वहिनींच्या फर्मने दिलेल्या कराराची प्रत आणि फर्मला विचारायच्या चार प्रश्नांचा कागद घेऊन जाणार आहे: वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, मंजूर भार किती आहे, नेट मीटर लागेपर्यंत किती रक्कम हातात ठेवायची आणि इन्व्हर्टर कोणत्या मजल्यावर बसणार. बिलांच्या गठ्ठ्यात जुलैचे बिल मी सर्वांत वर ठेवले आहे.